सहावा खण

आपा, काल मी बोलले.

एवढे एक वाक्य तुम्हाला सांगावे म्हणून कालच्या दुपारपासून मी तळमळते आहे, आणि ऐकायला तुम्ही नाही, म्हणून ते लिहून काढते आहे. भिवपुरीजवळच्या त्या गावात, अंगणवाडीच्या पडवीत, वीस-बावीस बायकांसमोर, उभी राहून, पाऊण तास बोलले. हातात टिपणे होती. ती दुसऱ्या की तिसऱ्या मिनिटाला मी पिशवीत ठेवून दिली. चौतीस वर्षे कॉलेजच्या ग्रंथालयात काढताना एका वेळी दोनांहून अधिक माणसांशी बोलण्याचा प्रसंग मी सतत टाळत आले होते. 'शांतता राखा' ही पाटी वाचकांसाठी असते असा समज आहे. मी तिच्या आडोशाला नोकरी केली.

तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. अशा वेळी लेखणीतून दुःख उतरावे, ही रीत मला ठाऊक आहे, आणि दुःख आहेच. परंतु कालपासून मी थरारून गेले आहे ती दुःखाने नव्हे. हा थरार तुम्हीच मला लावलात. तेव्हा त्याची क्षमा मागत बसत नाही.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या महिन्यात मी पहिल्यांदा तुमच्या दारात आले. दहिवलीतल्या त्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाक, मागच्या खोलीत रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारे यंत्र आणि खिडकीशी, उजेडात, तुमचा मायक्रोस्कोप. मला थकवा होता, केस गळत होते, भर उन्हाळ्यात शाल लागत होती, आणि या सगळ्याचे निदान मी मनाशी 'निवृत्ती' असे करून टाकले होते. तुम्ही दंडाला पट्टा बांधलात, सुई टोचलीत, आणि मी तोंड फिरवण्याऐवजी नळीत चढणाऱ्या रक्ताकडे टक लावून बसले आहे हे तुमच्या लक्षात आले असावे. दुसऱ्या दिवशी अहवाल आला. थायरॉईड. मी विचारले, कशामुळे? तुम्ही म्हणालात, औषध डॉक्टर लिहून देतील. मी पुन्हा, अतिशय संकोचाने, म्हटले की औषध नव्हे, मला कारण हवे होते.

तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात.

"चाळीस वर्सं सुया टोचते मी. काय झालंय, ते सगळे विचारतात. कशानं झालं, ते विचारणाऱ्या तुमी पयल्या. आत या, बाई."

आत तुम्ही माझ्याच रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरला होता, रंगवून वाळवला होता. भिंगावर तेलाचा ठिपका सोडून तुम्ही मला स्टुलावर बसवलेत. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग तुम्ही बाजूचे चाक केसभर फिरवलेत आणि, आपा, ते दृश्य मी आजही शब्दांत नीट मांडू शकत नाही. फिकट गुलाबी चकत्या, मधोमध किंचित उजळ, एकमेकींना खेटून हजारोंनी पसरलेल्या. आणि त्यांच्यात एखादीच मोठी, जांभळ्या पोटाची, लग्नात मिरवणाऱ्या वरमाईसारखी ऐटीत उभी. हे साठ वर्षे माझ्या आत चालले होते आणि मला त्याची वार्ताही नव्हती! तुम्ही शेजारी उभ्या राहून सांगत होतात की या जांभळ्या पेशी म्हणजे राखणदार. त्यांतल्याच काही बहुधा भ्रमिष्ट होऊन माझ्या गळ्यातल्या ग्रंथीवर उलटल्या असाव्यात. बाहेरून कोणी आले नाही, काही कमी पडले नाही. घरचीच राखण घरावर उलटली. आजारी असल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. घरी परतताना मी उल्हास नदीच्या पुलावर उगीचच थांबले आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून मनात म्हणत राहिले, याच्याही आत ते सगळे चालले आहे.

त्यानंतर मी रोज येऊ लागले. तुम्ही एकदाही विचारले नाही की का येता.

ते कपाट आणण्याची कल्पना माझी होती, हे मात्र मला नोंदवू द्या. माझ्या आयुष्यातल्या स्वतंत्र कल्पना फार नाहीत. कॉलेजात संगणक आल्यावर पुस्तकांच्या कार्डांचे जुने सागवानी कपाट अडगळीत जात होते, ते मी मागून घरी आणले होते. सहा खण. प्रत्येक खणाला पितळी कडी, वर नाव सरकवायची चौकट, आणि आत तळाशी एक लोखंडी सळई, जी प्रत्येक कार्डाच्या भोकातून आरपार जाते, म्हणजे कोणी कार्ड उपसून नेऊ नये. तुम्ही म्हणत होतात की गावातल्या बायकांना आजारांच्या जाती समजावून सांगायच्या आहेत, पण तक्ते लावले की त्या तक्त्यांकडे पाहतात आणि उखाण्यासारखे पाठ करतात. मी चाचरत म्हटले, खण उघडून दाखवले तर?

मग नावांवरून आपला पहिला वाद झाला. मी रात्र खर्चून सुवाच्य अक्षरांत पाच पट्ट्या लिहून आणल्या होत्या: संसर्गजन्य, अभावजन्य, आनुवंशिक, आणि पुढे तशाच आणखी दोन. तुम्ही त्या वाचल्यात, कौतुकाने मान डोलावलीत आणि पालथ्या घालून त्यांच्यावर चहाचा कप ठेवलात. "अक्षर झकास हाय. पण हे वाचून बाई दवाखान्यात येनार नाय, देवळात जाईल." आणि पेन घेऊन तुम्ही पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेत: आलेले. आणलेले. घेतलेले. कमी पडलेले. आतून फिरलेले.

मी त्या पाच शब्दांकडे किती वेळ पाहत राहिले असेन. जंतूंपायी बाहेरून आलेले ताप, खोकला, कावीळ. जन्माबरोबर आईबापांकडून आणलेले रक्ताचे दोष. तंबाखू, दारू, दगडाची धूळ, फवारणीचे औषध, असे हाताने किंवा श्वासाने घेतलेले. लोह, मीठ, दूध, उजेड यांपैकी काहीतरी कमी पडलेले. आणि माझ्या गळ्यासारखे, किंवा म्हाताऱ्या गुडघ्यासारखे, आतल्या आत उलटलेले वा झिजलेले. इतकी वर्षे पुस्तकांचे वर्गीकरण मी दुसऱ्याने ठरवलेल्या आकड्यांनी केले होते. कारणावरून वर्ग पाडणारे, आणि तेही घरातल्या शब्दांत, असे कोणी मला भेटलेच नव्हते.

कार्डांवर नाव लिहायचे नाही, हा तुमचा नियम. वय, बाई की पुरुष, काम, गाव, लक्षणे, तपासणीत काय दिसले, बस. नाव घातले की लोक आजार सोडून माणसाची चर्चा करतात, असे तुमचे म्हणणे. आणि प्रत्येक कार्ड एकाच खणात, हा माझा नियम. एक पुस्तक, एक जागा. ती सवय इतकी मुरली होती की तिच्यात चूक असू शकेल हे माझ्या ध्यानीही आले नाही.

चौक गावचा तो माणूस आठवतो ना? जुन्या हायवेवर बॅटऱ्या दुरुस्त करणारा. पस्तिशीचा, चेहरा मेणासारखा, पोटात कळा येतात म्हणायचा. रक्त कमी होते. मी त्याचे कार्ड 'कमी पडलेले' मध्ये लावले, सळई सरकवली आणि खण बंद केला. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. तो दुसऱ्यांदा आला, रक्त जवळपास तेवढेच. तिसऱ्यांदा आला त्या दुपारी तुमचा फोन आला.

"बाई, चहा ठेवला असाल तर गॅस बंद करा नि या."

मी रिक्षाने आले. तुम्ही मला सरळ स्टुलावर बसवलेत. त्या गुलाबी चकत्या होत्या, पण त्यांतल्या कित्येकींत बारीक निळसर ठिपके होते, कपड्यांना घालायची नीळ कोणी चिमटीने भुरभुरावी तसे. तुम्ही माझ्या कानाशी पुटपुटत होतात, जणू मोठ्याने बोलले तर ते ठिपके उडून जातील, की असे ठिपके तुम्ही कोर्समध्ये शिकताना चित्रात पाहिले होते आणि उभ्या नोकरीत दोनदाच प्रत्यक्ष पाहिले. शिसे. जुन्या बॅटरीतले शिसे. तो त्याच हातांनी भाकरी खात होता, त्याच बोटांनी बिडी ओढत होता. अहवालावर सही करायला पनवेलहून येणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही फोन केलात, नमुना मोठ्या तपासणीला गेला आणि शिसेच निघाले.

मी तेव्हाच उठून त्याचे कार्ड 'घेतलेले' मध्ये हलवायला निघाले. शरमेने माझे कान तापले होते. चूक माझ्या खणात झाली होती, माझ्या अक्षरात. तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, राहू द्या, तिथेही राहू द्या. लोह त्याला खरोखरच कमी होते. आणि ज्याच्या अंगात लोह कमी, त्याचे आतडे शिसे अधिक ओढून घेते. दोन्ही कारणे एकमेकांना हात देत होती. मी हट्टाने म्हटले की एक पुस्तक दोन फळ्यांवर राहू शकत नाही.

"पुस्तक ठेवाल तिथं ऱ्हातं, बाई. मानूस हिंडतो."

त्या वाक्याने मी दुखावले, हे आज कबूल करते. रस्ताभर मनातल्या मनात तुम्हाला उत्तरे देत गेले. आणि घराचे कुलूप काढता काढता मला एकदम आठवले. आमच्याकडे होते की! एखाद्या पुस्तकात दोन विषय असले तर पुस्तक एकाच फळीवर, पण दुसऱ्या विषयाच्या खणात एक निराळे कार्ड लावायचे: 'हेही पाहा.' अशी हजारो कार्डे मी या हातांनी टंकली होती. किल्ली कुलपाला तशीच ठेवून मी दहिवलीला परत आले. तुम्ही दार लावत होतात. मी धापा टाकत एवढेच म्हणू शकले, "हेही पाहा." तुम्हाला काही कळेना. मग मी समजावून सांगितले, आणि तुम्ही दारातल्या पायरीवर बसून मनमुराद हसलात. दुसऱ्या दिवशी आपण पिवळ्या कागदाची कार्डे कापली. आठवड्याभरात कपाट इतके पिवळे झाले की मला भीती वाटू लागली: एकट्या कारणाने झालेला आजार जगात उरला आहे की नाही?

चौकचा माणूस आता बरा आहे. कामावरून निघताना हात धुतो, बिडी गॅरेजबाहेर ओढतो, कपडे तिथेच बदलतो. बिडीवरून तुम्ही त्याला काय सुनावले होते ते लिहिण्याजोगे नाही.

दर गुरुवारी त्या अंगणवाडीच्या पडवीत बायकांसमोर एकेक खण उघडायचा, असे आपले गुरुवार सुरू झाले तेव्हा कामे वाटलेली होती. तुम्ही बोलायचे, मी खण ओढायचा, कार्ड काढून तुमच्या हातात द्यायचे. मला ते फार आवडत असे. पहिल्याच गुरुवारी गावातल्या चंद्राबाईने तुम्हाला अडवले. लावणीच्या दिवसांत तिच्या जावेला ताप येऊन डोळे पिवळे झाले होते, आणि ती ठामपणे सांगत होती की तो देवीचा कोप होता, बांधावरचा नारळ चुकला होता. मला वाटले, आता तुम्ही तिला खोडून काढाल. तुम्ही विचारलेत, पायाला जखम होती का? होती. शेतात उंदीर? शेतात उंदीर नसतील तर कुठे असतील, असे म्हणून ती फिस्सकन हसली.

"उंदीर देवीनं धाडला असंल, त्याचं मला नाय म्हायती," तुम्ही म्हणालात. "पन मुतला तो चिखलात, नि शिरलं ते जखमेतून. नारळ दे बाई, जरूर दे. पन चिखलात उतरताना जखम झाक, नि ताप आला का त्याच दिवशी दवाखाना गाठ."

"आनि नारळ आधी का दवाखाना?"

"दवाखाना. नारळ काय नासत नाय."

पडवी हसून लोटपोट झाली आणि चंद्राबाई त्यानंतर एकही गुरुवार चुकली नाही.

आता सहाव्या खणाविषयी. आपला जो वाद मिटला नाही, तो हाच.

पाच नावे झाल्यावर सहाव्या चौकटीत तुम्ही कोरी पट्टी सरकवली होतीत. मी विचारले, हे काय? तुम्ही म्हणालात, माहीत नाही. मला वाटले, नाव सुचत नाही म्हणता आहात. पण तेच नाव होते. ज्यांचे कारण माहीत नाही त्यांचा खण. मला ते मुळीच पटले नाही. ग्रंथालयात 'माहीत नाही' अशी फळी नसते. वाचकाला 'माहीत नाही' म्हणून परत पाठवायचे नाही, शोधून द्यायचे, हा माझ्या नोकरीचा एकमेव अभिमान. मी म्हणत असे की कारण असतेच. आपण नीट शोधले नाही एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही म्हणत होतात की कारण असेल, पण समोर बसलेल्या बाईला आज काय सांगाल? खोटे कारण देणार? मग ती घरी जाऊन तेच धरून बसते. कोणी नवऱ्याला दोष देते, कोणी सुनेच्या पायगुणाला, कोणी स्वतःला. "माहीत नाय हे बी औषध हाय, बाई," असे तुम्ही एकदा म्हणालात. मी वाद तिथेच सोडला. पण पटले म्हणून नव्हे.

आणि मग ती सकाळ. चौथा गुरुवार होऊन गेला होता. तुम्ही फोन केला नव्हता, मी नेहमीसारखी आले, तर तुम्ही खिडकीशी बसलेल्या, काचपट्टी लावलेली. म्हणालात, बघा. मी बसले, चाक फिरवले.

असे मी कधीच पाहिले नव्हते. गुलाबी चकत्या विरळ, आणि जिथे एखादी जांभळी वरमाई दिसायची तिथे त्याच त्या, मोठ्या, टपोऱ्या, एकीला एक चिकटून, जांभळाच्या झाडाखाली सडा पडावा तशा. मी भान हरपून म्हणाले, "आपा, किती सुंदर दिसते आहे हे!"

तुम्ही म्हणालात, "हो. सुंदर हाय."

मग कार्ड पुढे केलेत. बाई, वय अडुसष्ट, गाव दहिवली, काम या जागी रेघ. कोणता खण, तुम्ही विचारलेत. मी परीक्षेला बसल्यासारखी उत्साहाने विचार करू लागले. राखणदार पेशी बेसुमार वाढल्या आहेत, हा रक्ताचा कर्करोग असणार, म्हणजे 'आतून फिरलेले'. तुम्ही म्हणालात, ते कुठे बिघडले ते झाले, कशाने बिघडले? मी म्हटले, आणलेले? घराण्यात कुणाला नव्हते म्हणालात. घेतलेले, तंबाखू, रसायने? तुम्ही थोडा विचार केलात; बाईने चाळीस वर्षे रंगांच्या बाटल्या हाताळल्या असल्या तरी त्यामुळेच झाले असे कोणी छातीठोक सांगू शकत नाही, असे म्हणालात. 'रंगांच्या बाटल्या' हे शब्द मी ऐकले, आपा. ऐकले आणि पुढे गेले. मी कोडे सोडवण्यात रंगले होते. शेवटी जरा चिडूनच म्हटले की माहिती अपुरी आहे, त्या बाईला बोलावून आणखी विचारायला हवे.

"विचारीन तिला," तुम्ही म्हणालात आणि कार्ड ओढणीच्या घडीत ठेवलेत.

पाचवा गुरुवार तुम्ही खुर्चीत बसून घेतलात. त्यानंतर मुंबईच्या इस्पितळात जाण्याच्या आदल्या दिवशी मी भेटायला आले, तेव्हा मला एवढेच सांगितले गेले होते की रक्त कमी झाले आहे. निघताना तुम्ही म्हणालात, सहावा गुरुवार तुम्ही घ्या. मी 'हो' म्हणाले नाही. 'नाही'ही म्हणाले नाही. तुमच्या दारातल्या तगरीला कळ्या फार आल्या आहेत, असे काहीतरी बोलले. तुम्ही म्हणालात, हो, यंदा पुष्कळ आल्यात.

ते आपले शेवटचे बोलणे. फुलझाडाविषयी.

तुम्ही गेल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी तुमची सून शबाना मायक्रोस्कोप घेऊन माझ्याकडे आली. पेटी टेबलावर ठेवून म्हणाली, अम्मीने सांगून ठेवले आहे, हा बाईंकडे, पण गुरुवारपुरता. बाकीचे दिवस लॅबला लागतो. मग तिने एक पाकीट दिले. आत ती काचपट्टी होती, आणि ते कार्ड. मला वाचायला फार वेळ लागला नाही. अडुसष्ट. दहिवली. काम या जागी रेघ.

मी शबानाला सांगितले, मी हे पाहून सुंदर म्हणाले होते. त्यांच्या तोंडावर म्हणाले होते.

ती म्हणाली, "त्या दिवशी दुपारी अम्मी जेवली. त्याआधी दोन दिवस जेवली नव्हती."

मी हे वाक्य अनेकदा उलटसुलट करून पाहिले आहे. तुम्ही मला क्षमा केलीत, असा त्याचा अर्थ लावण्याचे धाडस मला होत नाही. पण त्या खोलीत त्या पेशींकडे न घाबरता पाहणारे दुसरे कोणीतरी तुम्हाला हवे होते, आणि न घाबरता पाहायला तुम्हीच मला शिकवले होते, एवढे मला कळते. मला कळायला हवे होते ते मात्र कळले नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यांना एका खणात घालण्याचा प्रयत्न मी सोडला आहे.

दोन गुरुवार मी गेले नाही. तिसऱ्या गुरुवारी, म्हणजे काल, सकाळी चंद्राबाईचा फोन आला. "बाई, आमी पडवी झाडून ठिवलीय. सावा डबा बाकी हाय न्हवं?" ती खणाला डबाच म्हणते. मी म्हटले, आपा नाहीत. ती म्हणाली, "म्हायती हाय. म्हनूनशान तर झाडली."

टेंपोत कपाट चढवले, मायक्रोस्कोपची पेटी मांडीवर घेतली आणि गेले.

कशी बोलले, काय बोलले, सगळे आठवत नाही. पाच खण भराभर उघडून दाखवले. चौकच्या माणसाचे कार्ड दोन ठिकाणी आहे हे दाखवले तेव्हा एक तरुण सून पटकन म्हणाली की तिच्या सासऱ्यांचा खोकलाही दोन डब्यांतला असणार, तरुणपणी टीबी आणि नंतर दगडखाण. मी तिथल्या तिथे तिला पिवळे कार्ड दिले. मग कोणी मैत्रिणीच्या मुलाचे सांगितले, कोणी स्वतःच्या साखरेचे. आजीलाही होती, आणि माझेही बसून खाणे वाढले, असे हसत हसत. पडवीत एकच गलका झाला, आणि ज्या शांततेच्या आडोशाला मी जन्म काढला ती मोडताना पाहून मला इतका हर्ष व्हावा! पिवळी कार्डे संपली. मी टिपणांचे कागद फाडून दिले.

मग सहावा खण उरला. मी तो ओढला. रिकामा, तळाशी नुसती सळई. चंद्राबाईनेच विचारले, "आपाला कशानं झालं वो?"

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. माझ्या ओठांवर कारणे आली, रंगांच्या बाटल्यांपासून सगळी. शोधून देण्याची सवय सहज सुटत नाही. आणि मी म्हणाले, "माहीत नाही."

आपा, ते म्हणणे किती सोपे होते! आणि तुम्ही सांगितलेत तसेच झाले. मागे बसलेली एक वयस्क बाई, जी पाच गुरुवार एक अक्षर बोलली नव्हती, तिने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली की तिची मुलगी गेली तेव्हा डॉक्टरने असे म्हटले असते तर बरे झाले असते. अकरा वर्षे ती स्वतःचा स्वयंपाक आठवून त्यात काय चुकले ते शोधते आहे. चंद्राबाई उठून तिच्या शेजारी जाऊन बसली.

मी कोरी पट्टी काढली आणि तिच्यावर लिहिले. तुमचे दोन शब्द, आणि त्यांच्याआधी माझा एक: अजून माहीत नाही. तुम्ही असतात तर त्या 'अजून'वरून तासभर भांडला असतात. त्या भांडणासाठी मी काय वाटेल ते देईन.

मग सळई ओढून काढली, तुमच्या कार्डाला भोक पाडले आणि सळई पुन्हा आरपार सरकवली. त्या खणातले ते पहिले कार्ड.

अंगणवाडीच्या खिडकीत ऊन आले होते. मी मायक्रोस्कोप तिथे मांडला, काचपट्टी लावली, तेलाचा ठिपका सोडला. हे आपांचे रक्त आहे, असे आधी सांगितले, लपवले नाही. कोणी मागे सरले नाही. बायका रांगेत उभ्या राहिल्या. चंद्राबाई पहिली, एक डोळा घट्ट मिटून ती वाकली, मी तिच्यासाठी चाक केसभर फिरवले.

"कवडं सुंदर दिसतंय गं, बाय," ती म्हणाली आणि लगेच चपापून तिने माझ्याकडे पाहिले.

"हो," मी म्हटले. "सुंदर आहे." आणि पुढच्या बाईसाठी स्टूल सरकवले.